एक नग

मे महिन्यात नागपुरात भट्टी पेटवायची
तर पहाटे चारला.
सातनंतर ऊनच भट्टी होतं
आणि लोखंडाचा रंग उजेडात हरवतो.

सुखरू उईके आले तेव्हा त्यांच्याकडे कागद नव्हता, नमुना नव्हता.
खुर्चीत बसून डोळे मिटले, म्हणाले, लिवा:
सुरा, शिकारी, एक नग.
पातं सव्वापाच इंच, पाठ जाड, टोक जरासं वर.
मूठ तेंदूची, पितळेच्या तीन खिळ्यांची.
बत्तीस वर्षं वनरक्षक होते, देवलापारकडे.
वस्तू त्यांना पंचनाम्यातूनच आठवते.

कायले पाहिजे, मी विचारलं नाही.

मी अजनी शेडचा फिटर, रिटायर.
घरी आजवर विळ्याला मूठ, कुलपाला किल्ली, एवढंच.
वाडी नाक्यावरच्या कबाड्याकडे
ट्रकच्या कमानीचा तुटका पट्टा मिळाला, किलोच्या भावानं.
आयुष्यभर वाकून उभा राहिलेला.
तापवून, ठोकून सरळ करायलाच दोन पहाटा गेल्या.
शेजारचे निमजे गॅलरीतून म्हणाले,
काहून बाप्पा, झोपू देता का नाही?

मग कानस.
कानस ढकलायची, ओढायची नाही,
ओढली की तिचे दात मरतात,
असं रज्जाक मिस्त्रींनी शिकवलं होतं, पाठीत एक धपाटा घालून.
चाळीस वर्षं मी पुढेच ढकलत आलो.

पहिलं पातं फुटलं.
जवसाच्या तेलात बुडवलं, धूर झाला,
आणि आतून आवाज आला,
बांगडी वाढावी तसा, बारीक.
ते तेल बायकोनं गुडघ्यांसाठी घाण्यावरून आणलेलं.
ती काही बोलली नाही. चहा ठेवला.

दुसऱ्या पात्याच्या वेळी घाई केली नाही.
चुंबक तारेला बांधून निखाऱ्यांशी नेत राहिलो.
धरतंय, अजून धरतंय,
मग एका क्षणी लोखंड त्याला ओळखच देत नाही.
तीच वेळ.
या खेपेला तेल फक्त खदखदलं आणि गप्प झालं.

पोरीच्या केकच्या ओव्हनमध्ये ते दोनदा भाजलं,
गव्हाच्या काडाचा रंग चढेपर्यंत.
तेंदूचा काळा गाभा, तीन खिळे, वर मेण.
मनगटावरचे केस त्यानं न दुखवता उतरवले.
सहासष्टाव्या वर्षी स्वतःच्याच हातावर
असा टक्कल पडलेला चौकोन घेऊन
मी दोन दिवस फुगून हिंडलो.

उईके आले. वितीनं मोजलं.
मूठ हातात घेऊन मनगट दोनदा फिरवलं.
बराबर हाय, म्हणाले. पन हा तो नाही.
कूलरची मोटर घरघरत होती, ती मी बंद केली.

टोकापासून दोन बोटं खाली तेच्यात एक खाचा होता.
मी लहान होतो,
दगडावर चारोळ्या फोडून देत होता मले, तवा पडला.
कोण, म्हटलं.
मामा. मानकू मडावी.
पुसाच्या महिन्यात मीच धरला तेले, थैलीत दोन ससे.
पंचनामा मीच लिवला.
समदं लिवलं, खिळेबी मोजले.
खाचा तेवढा लिवला नाही.

एवढं सांगून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसले,
जणू सही बाकी आहे.

अठरा पहाटांची ती धार.
त्रिकोणी कानस मी खोक्यातून काढली,
पातं शिकंजात फडकं घालून आवळलं,
जागा खडूनं दाखवली,
आणि हात पुढे जाईना.

आना इकडं, ते म्हणाले.
वाकले. चष्मा नाकावर घसरला.
कानस त्यांनी धारेवर टेकवली
आणि स्वतःकडे ओढली,
परत ओढली.

दात मरतात, हे मी सांगितलं नाही.